सुलभाला दिलेलं शहाळं

मी बरी आहे. हे आधीच सांगते, कारण आजारपणाचे अनुभव वाचताना मी स्वतः शेवटचं पान आधी उघडायची आणि लिहिणारा माणूस जगला का ते पाहायची. पपांची एक किडनी गेल्या वर्षापासून माझ्या पोटात आहे आणि ती नीट काम करते आहे. पण डायलिसिसचे चौदा महिने जिच्यामुळे मी काढू शकले, ती सुलभा आता नाही.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. डायरीसुद्धा मी इंग्रजीतच लिहिते. हे मराठीत लिहिलं, कारण सुलभाच्या आईला, म्हणजे आयेला, ते वाचून दाखवायचं होतं. तिने ऐकून घेतलं, दोन ठिकाणी मला थांबवलं, आणि मग म्हणाली, "दी छापूक." म्हणून ते तुमच्यापर्यंत येतं आहे.

पेन खाली ठेवलं तो दिवस

चोवीस वर्षांची होते. वेंगुर्ल्याच्या एका शाळेत लायब्ररी सांभाळायची. कमी बोलणाऱ्या माणसाला ते काम बरं असतं. एका पावसाळ्यानंतर सँडलचे पट्टे पायात रुतायला लागले. संध्याकाळी पट्टा काढला की त्वचेत खोल खूण राहायची आणि ती रात्रीपर्यंत भरून यायची नाही. सकाळी डोळ्यांखाली सूज. आई म्हणाली, दृष्ट लागली. पपा म्हणाले, अशक्तपणा.

आमच्या घरामागे चौदा माड आहेत. पपांनी पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्या माणसाला, सांगून ठेवलं आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने एक शहाळं फोडून मला द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जातानाही शहाळंच नेतात. तापात शहाळं, उन्हात शहाळं, बाळंतपणात शहाळं. दोन महिने मी रोज एक शहाळं प्यायले आणि तरीही थकतच गेले. मग एका सकाळी लायब्ररीत कपाटाला धरून उभी असताना छातीत काहीतरी धडपडल्यासारखं झालं आणि मी खाली बसले.

डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले. खाण्यापिण्याचं विचारलं. पपांनी थोड्या अभिमानानेच सांगितलं, "रोज एक शहाळं देतो, डॉक्टर. घरच्या माडाचं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की माझ्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत आणि नारळाच्या पाण्यात जे पोटॅशियम असतं ते अशा किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडू शकतं. "किडन्या शहाळ्याने नाही गेल्या," ते म्हणाले, "पण आणखी एक आठवडा दिलं असतंत तर मुलगी गेली असती."

यातला दुसराच भाग पपांच्या डोक्यात राहिला. त्या दिवसापासून ते मागच्या परसात गेले नाहीत. नारळ पडायचे आणि पडून राहायचे. आई एकदा रागात बोलून गेली, "तुमीच पाजलात तिका." मग ती स्वतःच रडली. पण बोललेलं परत घेता येत नाही आणि त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात आम्ही तिघंजण तीन वेगवेगळ्या वेळी जेवत होतो.

गाऱ्हाणं

आमच्या गावाकडे माणूस अडचणीत आला की ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालतात. गावातला मानकरी देवासमोर उभा राहून मोठ्याने तक्रार मांडतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली सगळी माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझ्यासाठीही घातलं. शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसं आली होती.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान कोणाचा वायट करूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तरी ह्या दुखणा तेच्या वाट्याक इला! काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आणि तूच काय तो न्याय कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पपांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी मात्र गप्प उभी होते. माझी शाळा वेगळी, प्रार्थना वेगळी. आम्ही रांगेत उभं राहून, डोळे मिटून, हळू आवाजात इंग्रजीत प्रार्थना म्हणायचो. इथे माझं नाव घेऊन, माझ्या आजाराचं नाव घेऊन सगळे ओरडत होते आणि मला लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर मला रागही होता. मी कोणाचं वाईट केलं नव्हतं, हे देवाला ओरडून सांगावं का लागावं? त्याला ठाऊक नव्हतं का?

पाच खुर्च्या

तासाभरावरच्या दवाखान्यात डायलिसिसची पाच यंत्रं होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आधी वजन करायचं, मग खुर्चीत पडायचं, दोन जाड सुया, चार तास, मग परत वजन. दिवसभरात पाणी, चहा, आमटी सगळं मिळून अर्धा लिटर. नवीन लोकांना वाटतं सुयांचा त्रास होतो. सुयांची सवय होते. तहानेची होत नाही.

सुलभा माझ्या डावीकडच्या खुर्चीत असायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या चिकाने तिची बोटं कायमची काळी झाली होती. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या चिमट्यावर आकडाच उमटायचा नाही आणि सिस्टर दर वेळी चिमटा कानाला लावायच्या. लग्न झालेलं, मोडलेलं. घरी फक्त आये.

पहिल्या दिवशी मी पुस्तकात तोंड खुपसून बसले होते. ती म्हणाली, "काय गो, इंग्लिश?"

"हो."

"त्यात तहानेवर काय लिवलेला आसा?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मगे माझ्याकडे शीक. तहान लागली काय माशांची नावा घी. बांगडो. इसवण. सुंगटा. माशांचा तिकला, तिरफळा घातलेला. तोंडाक पाणी सुटता मा? ता पाणी ते मोजीत नाय."

मी हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि तोंडाला खरंच पाणी सुटलं.

ती सतत बोलायची आणि मी ऐकायची. तिची तक्रार एकच होती आणि ती तक्रार ती विनोदासारखी सांगायची. "काजूत कामाक, काजू खाऊक नाय. माडात घर, शहाळा पिऊक नाय. देवान आमची बरी मस्करी केल्यान हा."

मी एकदा विचारलं, "तुला देवाचा राग नाही येत?"

"येता तर! सोमवारी येता, बुधवारी येता, शुक्रवारी येता. मंगळवारी बरा वाटता, मगे इसारतंय."

गावात माझ्यासाठी गाऱ्हाणं घातल्याचं मी तिला सांगितलं, आणि मी गप्प राहिले तेही. ती उठून बसायला गेली आणि यंत्र वाजायला लागलं. सिस्टर धावत आल्या. सुलभा त्यांना काही बोलूच देईना. "आयकलास सिस्टर? हिच्यासाठी आख्खो गाव बोंबाललो, आणि ही व्हय म्हणाक नाय! मगे देवाक कळतला कसा गो, तुका होया का नको ता?"

जुळणी

पपांची तपासणी झाली आणि त्यांची किडनी जुळली. कागद हातात आला तेव्हा ते दवाखान्याच्या बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. त्यांना शिक्षा हवी होती आणि ती त्यांना मिळाली होती, असं मला तेव्हा वाटलं.

सुलभाला कोणी नव्हतं. आयेचं वय झालेलं. मुंबईचा भाऊ तपासणीला येतो म्हणाला, तारीख ठरली, आणि तो आला नाही. मी संतापले. ती नाही.

"तेची बायल भियेता. दोन पोरा आसत. मी तिच्या जाग्यार असतंय तर मीव भियालंय असतंय."

"पण हा न्याय आहे का?" मी म्हणाले. हा शब्द मी इतक्या मोठ्याने उच्चारला की पलीकडच्या खुर्चीतल्या आजोबांनी डोळे उघडले. "मला मिळाली आणि तुला नाही. मी काय चांगलं केलं होतं? तू काय वाईट केलंस?"

ती नळीतून जाणाऱ्या स्वतःच्या रक्ताकडे बघत होती. मग जे म्हणाली ते मी त्या दिवशी घरी येऊन लिहून ठेवलं. "न्याय म्हणजे वाटप नाय गो. होडी लागली काय माशांचे सारके वाटे घालतत, तसो देव वाटे घालीत बसणा नाय. तसा असता तर मी कवाच भांडलंय असतंय. न्याय म्हणजे तो सगळ्यांचा आयकान घेतलो. शेवटाक. कोणी बोलाक नाय, ता सुद्धा."

"आणि तोपर्यंत?"

"तवसर बांगडो, इसवण, सुंगटा."

शुक्रवार

ऑपरेशन कोल्हापूरला झालं. पपा आणि मी दोघंही बरे झालो. साडेचार महिन्यांनी डॉक्टरांनी माझे खाण्याचे बरेच निर्बंध उठवले. त्या सकाळी पपा जवळजवळ दोन वर्षांनी पहिल्यांदा मागच्या परसात गेले. पाडेल्याला वर चढवला आणि खाली उभं राहून एकेक शहाळं दोरीने उतरवून घेतलं. डायलिसिसच्या सिस्टरांना, मावशींना, ड्रायव्हरना देण्यासाठी. आभार मानायची आमची हीच पद्धत. पपांनी मला दहा वेळा बजावलं, "पेशंटांका दिसाक नको हां. सिस्टरांच्या खोलयेतच ठेव."

तो शुक्रवार होता. पपा बाहेर स्कूटरपाशी थांबले. मी मास्क लावून आत गेले. माझ्या खुर्चीत आता एक नवीन मुलगी होती. सुलभा बारीक झाली होती. चेहरा काळवंडला होता, पण मला पाहून ती हसली. मग तिचं लक्ष पिशवीकडे गेलं.

"एक माका दी."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"माका नाय गो. आयेक. आमचो माड गेल्या वादळात पडलो. आयेन वरसभर शहाळा बघूक नाय."

मला कळलं होतं. हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. मी लाजरी आहे, पण निरीक्षण माझं चांगलं आहे. तिची नजर कुठे होती, ती ओठ कसे ओले करत होती, ते मी पाहिलं. शनिवार-रविवार दोन दिवस यंत्र नसतं, तेव्हा सगळ्यात जास्त जपायचं असतं, हेही मला पाठ होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मी मोकळी होऊन उभी होते आणि ती अजून सुयांना बांधलेली होती. तिला कशावर बंधन घालायचा मला काय अधिकार, असं मला वाटलं. आणि मला कोणाला नाही म्हणता येत नाही, हे त्याहून खरं कारण.

मी एक शहाळं तिच्या कापडी पिशवीत, टॉवेलच्या खाली ठेवलं. तिने माझ्या हातावर काळ्या बोटांनी थोपटलं.

सोमवारी दुपारी सिस्टरांचा फोन आला. सुलभा रविवारी सकाळी गेली. हृदय आधीच कमजोर होतं, दोन दिवसांच्या खाड्यात असं होतं कधीकधी, त्या म्हणाल्या. कोणी काही विचारलं नाही. कोणाला काही ठाऊक नव्हतं.

पाच आठवडे

पपांनी मला दिलं तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. या दोन वाक्यांपलीकडे मी पाच आठवडे जाऊ शकले नाही. गोळ्या वेळेवर घ्यायची, कारण त्या पपांच्या किडनीसाठी होत्या. जेवण उतरत नव्हतं. आईला वाटलं, मैत्रीण गेली म्हणून. तेही खरं होतंच. पाणी मला आता हवं तेवढं पिता येत होतं आणि प्रत्येक घोटाला माशांची नावं आठवायची.

आजारी असताना मी देवाकडे न्याय मागत होते. रोज, हक्काने. आता तो न्याय करेल, या विचाराने मला घाम फुटायचा. आता मला वाटत होतं, त्याने माझ्याकडे बघूच नये. जो देव सगळ्यांचं ऐकून घेतो, त्याच्यावर सुलभाने विश्वास ठेवला होता. मी त्याच्यापासून लपत होते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी डायलिसिसचं माणूस असेल, तर त्याच्यासाठी शहाळं नेऊ नका. त्याने मागितलं तर नाही म्हणा. तो रागावेल, रडेल, तुम्हाला दुष्ट म्हणेल. म्हणू दे. आणि नाही म्हणून झाल्यावर तिथून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. मी बसले असते तर बरं झालं असतं.

आयेचं खळं

शेवटी मी पपांना म्हटलं, मला सुलभाच्या घरी न्या. का ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. ते स्कूटर घेऊन गडग्याबाहेर, दगडी कुंपणापाशी उभे राहिले.

आये खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून कोयत्याने झावळीचे हीर काढत होती. केरसुणीसाठी. मी समोर बसले. पडलेल्या माडाचा बुंधा तिथेच होता. आणि तुळशीच्या कट्ट्यावर, पणतीच्या बाजूला, एक फोडलेलं शहाळं ठेवलं होतं. सुकून तपकिरी झालेलं. ते कोणतं, हे मला लगेच कळलं.

"आये, मला एक सांगायचंय."

"सांग गो."

"शहाळं मी दिलं. तिला चालत नाही हे मला माहीत होतं. ती तुमच्यासाठी मागते म्हणाली, पण मला कळलं होतं."

कोयता थांबला नाही. एक पात काढली, दुसरी काढली. मग थांबला.

"फोडलंय मीया," आये म्हणाली.

तिने कोयत्याने तुळशीच्या कट्ट्याकडे खूण केली.

"शनवारी सकाळी पिशयेतसून काढल्यान. म्हणाली, आये, फोड. मीया म्हटलंय, दागतर नको म्हणतत मा? तर म्हणाली, आये, दोन वरसा झाली गो. अशी बघल्यान माझ्याकडे, ल्हान असताना बघी तशी." तिने पदराने नाक पुसलं. "आदी माका दिल्यान. अर्धा. मगे आपण घेतल्यान. खोटा नाय बोलली ती. माझ्यासाठीच मागल्यान. आणि आपल्यासाठी पण."

"तुम्ही कोणाला..."

"कोणाक सांगूक नाय. मुंबयच्या झिलाक पण नाय. ती करटी टाकूक जातंय, हात जाणा नाय." मग तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं, "तेनाच झाला काय गो? तू शिकलेली. माका सांग."

मी नाही म्हणू शकले असते. ते ऐकायला तिला बरं वाटलं असतं. मलाही.

"मला माहीत नाही, आये. डॉक्टरांनाही नक्की सांगता येणार नाही. तिचं हृदय कमजोर होतं. पण त्याने झालं असेल. असू शकतं."

तिने मान डोलावली. "खोटा बोलाक नाय, बरा केलंस. लोका माका खोटाच सांगतत."

मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. देवळात गाऱ्हाणं पुरुष घालतात. पण हे तिचं स्वतःचं खळं होतं. ती तुळशीसमोर उभी राहिली, हात जोडले आणि बोलायला लागली. आवाज मोठा, देवळातल्यासारखा.

"बा देवा म्हाराजा! ही दोन माणसा तुझ्या दारात उभी आसत. दिलेला हिना. फोडलेला मीया. मागलेला तिना. तिघांनी मायेन केला, आणि तिघांका ठावक होता. कोणाची चूक किती, ता आमका कळणा नाय. तुका कळता. तिका आदी इचार. तिचा सगळा आयकान घी. मगे आमका इचार. आमी लपणव नाय. तू करशीत तो न्याय आमका मान्य आसा, म्हाराजा!"

ती थांबली. गाऱ्हाण्याला उत्तर लागतं. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. मास्कच्या आत.

आये वळली नाही. "मोठ्यान."

मी मास्क खाली केला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"व्हय म्हाराजा!"

आणि गडग्यापलीकडून, हे कशाबद्दल चाललं आहे ते पुरतं ठाऊक नसताना, स्कूटरपाशी उभ्या असलेल्या पपांनी चपला काढल्या, हात जोडले, आणि त्यांचाही आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"